तबकड्यांचे लोणचे: नवशिक्यांसाठी खात्रीची कृती

मुलुंड पूर्वेची आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा पोटमाळ्यावरून तीन गोष्टी खाली उतरल्या. पत्र्याची एक ट्रंक, तिच्यात एक्केचाळीस तबकड्या. बुटांचे खोके, त्यात कॅसेटी. आणि मोत्याच्या बांगड्यांच्या डब्यांसारखे सहा चपटे डबे, त्यांत स्पूल. माझ्या भावाने ट्रंकेचे झाकण उघडले, धूळ खाल्ली, झाकण लावले आणि म्हणाला, “याचं आता काय लोणचं घालायचंय?”

मराठीत हा प्रश्न नसतो, निकाल असतो. पण मी नुकतीच बँकेतून निवृत्त झाले होते. मला तो प्रश्न वाटला. पुढील मार्गदर्शिका म्हणजे त्याचे उत्तर. ती लोणच्याच्याच रीतीने लिहिली आहे, कारण दोन्हींचे नियम जवळजवळ सारखे आहेत: हात कोरडे हवेत, घाई चालत नाही, बरणी एकाहून अधिक असावी आणि तिच्यावर चिठ्ठी नसेल तर सहा महिन्यांनी आत काय आहे ते घालणाऱ्यालाही सांगता येत नाही.

साहित्य

तबकड्या, कॅसेटी, स्पूल: घरात निघतील तेवढे.

ते वाजवणारी यंत्रे, चालू स्थितीत: प्रत्येकी एक. (ही हिंगासारखी असतात. थोडीच लागतात, पण अस्सल मिळत नाहीत.)

ऑडिओ इंटरफेस नावाची डबी: एक. यंत्राची वायर एका बाजूला, संगणकाची दुसऱ्या बाजूला.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर: फुकट. या कृतीतला एवढाच जिन्नस फुकट आहे.

हार्ड डिस्क: दोन. तिसरी नंतर लागते, ते आताच घरात सांगू नये.

दोनशे पानी वही आणि बॉलपेन.

ज्येष्ठ नागरिक: एक. वय ऐंशीच्या पुढे, स्मरणशक्ती शाबूत, स्वभाव कसाही. हा जिन्नस बाजारात मिळत नाही आणि सर्वांत आधी संपतो. मी तो सर्वांत शेवटी वापरायला घेतला. तुम्ही तसे करू नका.

वेळ: गाण्याइतकाच. याचा खुलासा पुढे येईल.

पायरी पहिली: उतरवणे

माल पोटमाळ्यावरून उतरवताना भंगारवाल्याला खाली उभे करू नये. आमच्याकडे तो आधीच आला होता. त्याने एक तबकडी हातात तोलली, नखाने टकटक केले आणि परत ठेवली. “लाखेला भाव नाही,” म्हणाला. त्या दिवशी त्या ट्रंकेची परीक्षा बरोबर केली ती फक्त त्याने. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या खरोखरच लाखेच्या असतात. लाख आणि दगडाची बारीक पूड. म्हणून त्या जड असतात आणि हातातून सुटल्या की काचेच्या बशीसारख्या फुटतात. नंतर आलेल्या ३३ फेऱ्यांच्या एलपी विनाइलच्या. त्या वाकतात, पण फुटत नाहीत. पडल्यावर कुठली कोणती हे कळतेच, पण त्याआधी ओळखलेले बरे.

तबकड्या पापडांसारख्या चळत लावून ठेवू नका. खालच्या तडकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, लाखेच्या वेगळ्या आणि एलपी वेगळ्या.

आमच्या ट्रंकेत मास्टर कृष्णराव होते, हिराबाई बडोदेकर होत्या, ज्योत्स्ना भोळे होत्या आणि एका तबकडीच्या लेबलाचा अर्धा भाग वाळवीने खाल्ल्यामुळे एक केवळ ‘बाई’ होत्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर राग मांडणाऱ्या माणसांना एवढ्यात आलाप, बंदिश, तान सगळे उरकावे लागे. मुंबईच्या भाड्याच्या खोलीत संसार मांडलेल्यांना हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

“पण हे सगळं यूट्यूबवर आहे,” भाऊ म्हणाला. तुमच्याही घरी कोणीतरी म्हणेल. उत्तर तयार ठेवा. यूट्यूबवर जे आहे तेही कोणाच्या तरी ट्रंकेतून आले. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचा भार वर्षानुवर्षे वाहिला आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून कोणी, काय, केव्हा गायले याच्या याद्या लागत गेल्या. आणि जे ट्रंकेतच नव्हते, ते गेलेच. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत आपल्यात होते. तबकड्यांचा धंदा तेव्हा चांगला चाळीस वर्षांचा झाला होता. तरी त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. त्यांचे गाणे कसे होते, हे आपल्याला त्यांच्या शिष्यांकडे पाहून ठरवावे लागते. म्हणजे भाजी चाखायची सोडून ती खाल्लेल्याचा चेहरा बघायचा.

पायरी दुसरी: धुणे-पुसणे

आपल्याकडे स्वच्छतेची दोन टोके आहेत: फडके आणि सॅनिटायझर. तबकडीला दुसरे चालत नाही. सुतार पॉलिश करताना चपडा लाख कशात विरघळवतो ते आठवा. स्पिरिटमध्ये. लाखेच्या तबकडीवर स्पिरिट घातले की तुम्ही तिचे पॉलिश करायला घेतले असे समजा. मास्टर कृष्णराव दरवाज्याला लागतील.

लाखेसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके. पुसायचे ते रेघांच्या दिशेने गोल, आडवे नाही. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू द्यायचे नाही. मग लगेच कोरडे करायचे. पावसाळ्यात हे काम काढूच नये. मुंबईच्या जुलैत चपातीलाही दुपारपर्यंत बुरशी येते, तबकडीने काय पाप केले आहे.

बुरशीचा खरा जीव टेपवर असतो. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसले तर ती ‘फक्त एकदा लावून बघू’ असे म्हणू नका. बुरशी टेपवरून यंत्राच्या हेडवर जाते आणि हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. अशा कॅसेटी लग्नघरातल्या गोवराच्या मुलासारख्या वेगळ्या काढायच्या.

काही स्पूल आणखी एक नाटक करतात. टेपवरचा चुंबकीय थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो, तो हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. वाजवायला गेलात की टेप चिरकत थांबते आणि हेडवर तपकिरी चिखल उरतो. प्रयोगशाळेत अशा टेपा पन्नास-पंचावन्न अंश तापमानात काही तास भाजतात, मग त्या थोड्या दिवसांपुरत्या वाजतात. हे वाचून तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओव्हनकडे पाहिलेत, हे मला कळले. मीही पाहिले होते. तो ओव्हन नानकटाईसाठी आहे. सगळ्या टेपा भाजायच्या नसतात, आणि कुठली भाजायची नाही हे भाजून झाल्यावर कळते. जाणकाराकडे जा.

पायरी तिसरी: यंत्र

कोणीतरी तुम्हाला पितळी कर्णा असलेला ग्रामोफोन आणून देईल. तो हॉटेलाच्या दारात शोभेला ठेवतात त्या जातीचा असतो. त्यावर तबकडी लावू नका. त्या दांडीचा भार शंभर ग्रॅमच्या वर, खाली पोलादी पिन, आणि ती पिन दर बाजूला बदलायची असते. ती न बदलता चार गाणी ऐकलीत तर पिन नांगरासारखी चालते आणि पीक कायमचे जाते.

साधा टर्नटेबल घ्या, मात्र त्याला ७८चा वेग हवा. आणि पिन वेगळी हवी. एलपीच्या पिनेचे टोक लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेत थेट तळाशी जाऊन बसते, आणि तळाशी गाणे नसते, गाळ असतो. ७८ची पिन त्याच्या सुमारे चौपट जाड, म्हणजे एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट. ती खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून चालते. गाणे भिंतींवर असते.

आता वेग. ७८ म्हणतात म्हणून सगळ्या ७८च नसतात. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्या कमीजास्त वेगाने कोरलेल्या आहेत. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो: काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, आणि लयही धावते. म्हणून शेजारी पेटी ठेवा. पेटी नसेल तर पेटी येणारे माणूस ठेवा.

स्पूलच्या यंत्राचे मी जे केले ते सांगते. बाबांचा स्पूल टेपरेकॉर्डर उघडला, तर आतल्या रबरी पट्ट्याची काकवी झालेली. काळी, चिकट, बोटांना लागली की आठवडाभर जात नाही. घाटकोपर पश्चिमेला एका गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ सापडले. त्यांनी यंत्राकडे आदराने पाहिले, माझ्याकडे दयेने पाहिले आणि तीन आठवडे मागून घेतले. ते सात झाले. पण पट्टा बसला.

ते बारा किलोचे धूड मी आधी बोरिवलीला घरी आणले होते, तिथून अंधेरीपर्यंत लोकलने, अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला नेले, आणि दुरुस्तीनंतर घाटकोपरहून मुलुंडला धीम्या गाडीने. मेट्रोच्या तपासणीत ते क्ष-किरणांच्या बोगद्यातून गेले. सुरक्षारक्षक पडद्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“मॅडम, हे काय आहे?”

“टेपरेकॉर्डर.”

“एवढा मोठा? मग रेकॉर्ड काय करता?”

(नवशिक्यांसाठी टीप: क्ष-किरणांनी टेप पुसली जात नाही. लोहचुंबकाने जाते. म्हणून टेपा स्पीकरवर ठेवू नयेत, चुंबकी झाकणाच्या पर्समध्ये तर मुळीच नाही.)

युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ यांनी २०१९ साली जगभर इशारा दिला होता, की चुंबकीय टेपा वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारी माणसे संपत चालली आहेत. २०२५च्या सुमारानंतर हे काम मोठ्या प्रमाणावर करता येणार नाही. म्हणजे आपली गाडी सुटून गेली आहे. मिळेल ती धीमी पकडावी.

या बाबतीत ‘नासा’चे कौतुक आहे. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली, तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. ज्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज मुंबईत उरला नाही, त्यांच्या शिष्येचा आवाज सूर्यमालेबाहेर चालला आहे. ती मूळ तबकडी शोधताना त्या मंडळींची दमछाक झाली. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती निघाली. म्हणजे तिकडचाही पोटमाळाच. पण मुद्दा वेगळा आहे. त्या लोकांनी तबकडीबरोबर पिन पाठवली, कार्ट्रिज पाठवले, आणि कशी वाजवायची याची चित्रे झाकणावर कोरली. आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला ॲडॅप्टरसुद्धा ठेवलेला नसतो.

पायरी चौथी: कॅसेट, एक उपप्रकरण

कॅसेट सर्वांना येते असे सर्वांना वाटते. पेन्सिल घालून गुंडाळणे ही कला अजून बोटांत आहे, ती वापराच. आधी टेप एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली वेटोळी सैल होतात. आतली बारीकशी लोकरीची गादी निघून पडली असेल तर आवाज लांब गेल्यासारखा येतो. दुसऱ्या कॅसेटची गादी लावता येते. यंत्राचे हेड मात्र स्पिरिटने पुसायचे. होय, इथे स्पिरिट. तबकडीला नाही, हेडला होय. याच वाक्यावर या मार्गदर्शिकेची परीक्षा घेतली जाईल.

आणि सर्वांत आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या टॅब मोडा. त्या मोडल्या की लाल बटण दाबले जात नाही. आमच्या घरी त्या मोडल्या नव्हत्या. रेडिओवरच्या ‘आपली आवड’मधून बाबांनी रविवार-रविवार करून भरलेल्या एका कॅसेटवर, १९९१ साली, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने सिनेमातली गाणी भरली. त्या मुलीचे नाव या मार्गदर्शिकेच्या लेखिकेच्या नावाशी जुळते, हा निव्वळ योगायोग समजावा.

पायरी पाचवी: मुद्रण

संगणक विचारेल: किती बिट? किती किलोहर्ट्झ? घाबरू नका. सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, प्रत्येकी १६ बिट. जतनासाठी आयासाची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, शक्यतो ९६, आणि २४ बिट. डब्ल्यूएव्ही फाइल, दाबलेली नाही, पिळलेली नाही. स्टिरिओत तासाला सुमारे दोन जीबी होतात. भाऊ म्हणाला, “तीन मिनिटांच्या गाण्याला शंभर एमबी?” मी म्हटले, “तुझ्या मुलाच्या बारशाचा व्हिडिओ किती जीबीचा आहे?” विषय मिटला.

एमपी३ वाईट नाही, पण तो प्रसादाच्या पुडीसारखा आहे: वाटायला सोयीचा. कानाला सहसा जाणवणार नाही असे वाटणारे सगळे तो टाकून देतो, आणि टाकलेले परत येत नाही. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही, नातेवाइकांना एमपी३. नातेवाईक तो व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतात आणि पंधराव्या हाती पोचेपर्यंत त्यातून ‘शुभ सकाळ’ एवढेच ऐकू येते.

आवाजाची पातळी जपून ठेवा. सर्वांत मोठी तान उणे सहा डेसिबलच्या खालीच राहावी. जुन्या टेपवर आवाज थोडा चढला तर तो जाडा होत असे, डिजिटलमध्ये तो थेट कापला जातो, आणि कापलेला शिवता येत नाही.

मग बटण दाबा आणि बसा.

नवशिक्यांना धक्का बसतो तो इथे. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप असते. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने तिची एक बाजू ६४ मिनिटे चालते. आणि ६४ मिनिटांची बाजू उतरवायला ६४ मिनिटेच लागतात. फाइल कॉपी करण्यासारखे यात काही नाही. बोरिवलीहून चर्चगेटला फास्ट गाडी आहे, भाताला कुकर आहे, तिकिटाला तत्काल आहे. गाण्याला मात्र एकच गाडी, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी. मधे उठून कणीक मळायला जाऊ नका. त्याच वेळी टेप तुटते.

पायरी सहावी: निवडणे-पाखडणे

आता तुम्हाला खरखर काढायचा मोह होईल. ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे. रीत अशी: गाणे नसलेला एक तुकडा दाखवायचा आणि सांगायचे, ‘हा कचरा आहे, असा आवाज सगळीकडून काढ.’ सॉफ्टवेअर आज्ञाधारक असते. मी गाण्याआधीची पाच सेकंदे दाखवली. बटण दाबले, ऐकले, आणि काहीतरी फारच चुकले होते. खरखर गेली होती. पण गवईबुवा एकाएकी रिकाम्या खोलीत उभे राहून गात असल्यासारखे वाटत होते. दोन वेळा ऐकल्यावर उलगडा झाला. त्या पाच सेकंदांत गाणे नव्हते, तंबोरा होता. सॉफ्टवेअरला तो पंख्याची घरघर वाटला. आज्ञेप्रमाणे त्याने तासाभराच्या मैफलीतून तंबोरा झाडून काढला होता.

म्हणून नियम: जशी उतरली तशी एक प्रत हात न लावता ठेवा. पाखडायचे ते दुसऱ्या प्रतीवर. आपल्याला आज जो कोंडा वाटतो त्यात तंबोरा असू शकतो.

पायरी सातवी: बरणी

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. जगभर हाच नियम आहे, पण उपनगरांत त्याला तारीख आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण त्या दिवशी पहिल्यांदा गेला, आणि सर्वांच्या घरी सगळ्यात खालच्या खणात अल्बम आणि कॅसेटी असतात. तेव्हा एक बरणी स्वतःकडे, एक भावाकडे, एक पुण्याला. पुण्याच्या नातेवाइकांना ती आठवण म्हणून भेट देऊ नये, जबाबदारी म्हणून द्यावी. ती ते नीट सांभाळतात आणि दरवर्षी तसे कळवतात.

सीडीवर एकदा भरून ठेवले की झाले, असे २००३ साली आम्हालाही वाटले होते. घरी भरलेल्या त्या सीड्यांपैकी निम्म्या आता उघडत नाहीत. लोणचे वर्षातून एकदा हलवावे लागते. फायली उघडून बघा, पाच-सात वर्षांनी डिस्क बदला.

कायद्याचे थोडक्यात: १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. पण त्यातल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे. घरात जपायला कोणी अडवत नाही. चव्हाट्यावर मांडण्याआधी गणित करा.

पायरी आठवी: चिठ्ठी

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान गायली, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारखान्यातल्या माणसाला कुठला आवाज कोणाचा हे कळणार कसे? म्हणून गाणे संपता संपता गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते. खणखणीत, किंचित घाईत. त्या काळच्या पुष्कळ गायक-गायिकांनी असेच केले. मला हे आधी गमतीचे वाटे. आता वाटते, या सगळ्या धंद्यात बाईला एकटीलाच अक्कल होती.

कारण आमच्या सहा स्पूलांवर बाबांच्या सुरेख अक्षरात लिहिले होते: ‘संकीर्ण १’, ‘संकीर्ण २’, असे सहापर्यंत. ऑफिसात आयुष्यभर फायली लावलेल्या माणसाने घरच्या गाण्याला हे नाव दिले. त्यांना सगळे ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला.

‘संकीर्ण ३’ घेऊन मी आत्याकडे गेले. आत्या ब्याऐंशी वर्षांची, मुलुंडलाच तात्पुरत्या भाड्याच्या जागेत, नव्या इमारतीची वाट बघत. हेडफोन तिने नाकारला. “कान झाकून गाणं कसलं ऐकायचं?” स्पीकर लावला. वही उघडली. बटण दाबले.

खुर्च्या ओढल्याचा आवाज. कोणाचे तरी खोकणे. ‘हॅलो, हॅलो.’

“गणपतीतलं आहे,” आत्या म्हणाली. “जुन्या आवारातलं. बाहत्तर. नाही, त्र्याहत्तर. दुष्काळानंतरचा गणपती, तेव्हा मंडप साधाच घातला होता.” मी लिहिले. “गातोय तो पोस्टातला. दुसऱ्या मजल्यावर राहायचा, बदलून नागपूरला गेला. तबला तळमजल्यावरचे, बेस्टमध्ये कंडक्टर. हात गोड होता, पण द्रुतात पळायचे.” दोघांची नावे तिने आडनावासकट सांगितली. मधेच एक मूल रडले, तेही तिने ओळखले. ते आज ऑस्ट्रेलियात असते.

“आणि पेटी कोण वाजवतंय गं?” मी विचारले. जुन्या तबकड्यांवरही बहुधा गायकाचेच नाव असते, पेटीवाल्याचे कोणी छापत नसे.

आत्याने हाताने मला गप्प केले. ती ऐकत होती. एकतिसाव्या मिनिटाला अंतरा सुरू झाला, गायकाने एक जागा घेतली, पेटी त्याच्यामागून गेली, आणि आत्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

“ऐकलंस?”

“काय?”

“काळी चार घ्यायची, तर मी पांढरी पाच दाबली. सगळ्यांसमोर. तो पोस्टातला काही बोलला नाही, नुसता हसला.” ती टेपकडे बघत राहिली. चाके फिरत होती. “पन्नास वर्षं झाली. अजून कधीतरी रात्री आठवतं.”

आत्या पेटी वाजवायची, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. तिच्या घरात मी पेटी कधी पाहिली नाही.

थोड्या वेळाने तिने संगणकाकडे बोट केले. “तुझ्या या मशिनीत तेवढं पुसता येतं का गं?”

येते. दोन मिनिटांचे काम आहे.

“नाही आत्या,” मी म्हटले, “ते नाही येत.”

या मार्गदर्शिकेत खोटी अशी एवढीच एक सूचना आहे. नवशिक्यांनी ती तोंडपाठ करावी.

मग चिठ्ठी लिहावी. फाइलला ‘संकीर्ण ३’ हे नाव ठेवू नये, ‘न्यू फोल्डर’ तर नाहीच. आमच्या वहीत त्या पानावर आता असे आहे: स्थळ, मुलुंड पूर्व, इमारतीचे आवार. प्रसंग, गणेशोत्सव १९७३. गायन, तबला, पेटी: तिघांची पूर्ण नावे, पेटीपुढे आत्याचे माहेरचे. वेग, सेकंदाला पावणेचार इंच. आणि शेऱ्याच्या रकान्यात: एकतिसाव्या मिनिटाला, अंतऱ्यात पेटीचा चुकलेला सूर आहे. मूळचाच आहे. दुरुस्त करू नये.